जहाज बंगल्यातला अतिवास्तववाद : प्रकल्प नोंदी

९ जून २०२४, रविवार

बंगल्याच्या किल्ल्या आल्या. मालकांच्या नातवाने पाठवलेल्या लिफाफ्यात सात होत्या, दोनच लागल्या. बाकीची कुलपं मिस्त्रीकाकांनी हॅक्सॉने कापली.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात या घराला ‘जहाज’ म्हणतात. सपाट स्लॅब, समोरचा कोपरा गोल वळवलेला, वरच्या मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडक्यांची एकच पट्टी, जिन्याच्या भिंतीत तीन गोल झरोके. चहूबाजूंनी पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर, मधे हे पांढरं जहाज. जिनवाल्या (कापसातून सरकी काढायचा कारखाना असलेल्या) शेठजींनी मरीन ड्राइव्हवरच्या इमारती पाहिल्या आणि तसंच घर मागितलं, असं जुनी माणसं सांगतात. शकुंतला रेल्वे धावत होती तेव्हा इथल्या रुईच्या गाठी मूर्तिजापूरमार्गे मुंबईला जायच्या. शकुंतला बंद पडली, जिन त्याआधीच.

माझी आजी त्या जिनमध्ये कामाला होती. हप्त्याचा पगार घ्यायला ती या पोर्चपर्यंत यायची, त्यापुढे कधी गेली नाही. आज मी हॉलच्या मधोमध उभी राहिले. हॉलमध्ये छातीइतकं कुटार (जनावरांची वैरण) भरलेलं होतं.

ठरलं आहे ते असं : फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ यांचा अतिवास्तववादाचा, म्हणजे स्वप्न आणि अबोध मनाला मोकळं सोडणाऱ्या कलाचळवळीचा, पहिला जाहीरनामा पॅरिसमध्ये १५ ऑक्टोबर १९२४ ला निघाला. त्याला शंभर वर्षं होतात त्या दिवशी इथे प्रदर्शन उघडायचं. हातात चार महिने.

१६ जून

यवतमाळहून ओळखीचे इंजिनिअर येऊन गेले. घर पडणार नाही, पण स्लॅबच्या सळया गंजून फुगल्यात, खालचा गिलावा पोपड्यांनी सुटतोय. स्लॅबला एकही भोक पाडायचं नाही, एकही हुक मारायचा नाही, असं त्यांनी लेखी दिलं.

भिंतींतल्या तिरप्या भेगा काळ्या मातीच्या. ही माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वर उभं असलेलं घरही तिच्यासोबत हलतं. हालचाल अजून चालू आहे का ते कळावं म्हणून तीन भेगांवर आडव्या काचेच्या पट्ट्या प्लॅस्टरने बसवल्या. पट्टी तडकली तर भेग वाढतेय. प्रत्येकीवर तारीख आणि नंबर घातला.

३० जून

दाखवायचं काय, यावर दिवस गेला. माझ्या डोक्यात होतं की अतिवास्तववादी चित्रकारांच्या मोठ्या चित्रांच्या चांगल्या छापील प्रती लावू. ते होणार नाही. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क शाबूत राहतो. रने मॅग्रिट १९६७ मध्ये गेले, म्हणजे २०२७ सरेपर्यंत. मॅक्स अर्न्स्ट १९७६, मेरेट ओपेनहाइम १९८५, दाली १९८९. परवानग्यांचा खर्च आमच्या वर्गणीत बसणारा नाही, आणि चोरून लावायची माझी तयारी नाही.

गुरुजींनी तोड काढली. (गुरुजी म्हणजे आमचे निवृत्त मराठीचे शिक्षक, कीर्तनही करतात.) ते म्हणाले, “चित्र नको लावू. चौकट लाव, आत चित्राचं वर्णन लिही. लोकं डोळे मिटून पाहतील.”

चौकटी चित्रांच्या खऱ्या मापाच्या करायच्या. दालींचं वितळत्या घड्याळांचं १९३१ चं चित्र फक्त २४ बाय ३३ सेंटिमीटर आहे, वहीच्या पानाहून जरा मोठं. जगभर पोस्टरांवर पाहिलेल्या चित्राचं हे माप सुताराला सांगितलं तर त्याने दोनदा विचारून खात्री केली. मॅग्रिटचं १९५३ चं चित्र : काळे कोट, गोल टोप्या घातलेली माणसं आभाळात थेंबांसारखी अधांतरी, मागे लाल छपरांची घरं. त्याचं नाव ‘गोवळकोंडा’. हैदराबादजवळच्या किल्ल्याचं नाव त्याला दिलं, चित्र आता अमेरिकेत ह्यूस्टनला आहे. हे वर्णन गुरुजी लिहिणार आहेत.

यातून पुढची दिशाही मिळाली. या लोकांची चित्रं आणता येत नसतील, तर त्यांच्या रीती आणता येतात. रीतीवर कोणाचा हक्क नाही. घासायची रीत, घडी घालून खेळायची रीत, रोजच्या वस्तूला तिचं काम विसरायला लावायची रीत. प्रदर्शनातलं सगळं काम या गावात, याच घरात व्हायला हवं.

२१ जुलै

रात्रभर झड. हॉलमध्ये सहा ठिकाणी बादल्या.

मिस्त्रीकाका वर जाऊन आले. “बाई, या स्लॅबले उतारच नाई. पानी जाईन कुठं? बसलं हाये तिथंच.” जुना कोबा फुटलाय, पाण्याच्या पाइपात पिंपळ उगवलाय. तूर्त पिंपळ काढून ताडपत्री टाकली. पाऊस उघडल्यावर विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा, शंभराला एक उतार. हा खर्च धरला नव्हता, आणखी वर्गणी मागावी लागेल.

गावात बोलणं सुरू झालं की घरच खोटं बांधलंय, कौलारू वाडा असता तर गळला नसता. मला ते पटत नाही. पॅरिसजवळ पोईसीला वास्तुकार ल कोर्बुझिए यांचं व्हिला सव्हॉय १९३१ मध्ये पुरं झालं. आधुनिक घर म्हटलं की पहिलं नाव त्याचं निघतं. तेही गळायचं, मालकीणबाई तक्रारीची पत्रं लिहीत राहिल्या, आणि युद्धाच्या काळात त्यातही वैरण भरली गेली. त्याची डागडुजी झाली आणि आज लोक तिकीट काढून बघतात. आमच्या जहाजातही कुटार भरलं होतं, तेही गळतंय. त्यालाही एक चांगला कोबा आणि थोडी माया मिळाली पाहिजे.

११ ऑगस्ट

पहिली कार्यशाळा. पाचवी ते आठवीची बावीस पोरं.

काल एका गोष्टीला नव्याण्णव वर्षं झाली. १० ऑगस्ट १९२५ ला फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पोर्निक गावात, एका खाणावळीच्या खोलीत, पावसात अडकलेल्या मॅक्स अर्न्स्ट यांची नजर घासून घासून झिजलेल्या लाकडी तक्तपोशीवर खिळली. त्यांनी कागद टाकले, वरून काळं शिसं घासलं, आणि रेषांतून जंगलं, पक्षी, जनावरं निघू लागली. पुढच्या वर्षी अशा चौतीस चित्रांचा संच छापला गेला.

पोरांना रीत समजवावी लागली नाही. वहीच्या पानाखाली नाणं ठेवून पेन्सिल घासली नाही असं पोर नसतं. मी एवढंच म्हटलं, नाण्याऐवजी घर घ्या.

मोझाईकवर काहीच उठेना, इतकं ते गुळगुळीत. पोरं खट्टू झाली. मग मागच्या सागवानी दाराचे वेढे उठले, खिडक्यांचा गंज उठला. एक मुलगा, एरवी गप्प असणारा, जिन्याखाली गेला. तिथे भिंतीचा गिलावा पडून सळई उघडी पडलीय. त्याने कागद लावला, मेणाचा काळा खडू आडवा धरला आणि हळूहळू घासत नेला. आधी नुसती राखाडी धूळ दिसली. मग मधे एक जाड रेघ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना गंजाच्या पापुद्र्यांचे बारीक आडवे काटे. त्याने कागद उचलून उजेडात धरला आणि म्हणाला, “मॅडम, भितीत मासा हाये.”

त्याच्या चित्राला मी हात लावला नाही. डोळा काढ, शेपटी काढ, असं सांगायचा मोह झाला होता. अर्न्स्ट नंतर भर घालत. पण त्या पोराला मासा पुरा दिसला होता.

३ सप्टेंबर, तान्हा पोळा

सकाळी पोरांचे लाकडी नंदी बंगल्यापर्यंत आले. शेठजींच्या माळ्यावरही एक सापडला होता, कमरेइतका उंच, चाकांचा, एक शिंग नसलेला. मी तो वरच्या बाथरूममधल्या चिनी मातीच्या टबात उभा केला होता. तीन दिवस ज्याने त्याने येऊन पाहिला, हसला आणि गेला. आज काढला. दोन न जुळणाऱ्या वस्तू शेजारी ठेवल्या की काम झालं, असं मानणं ही या प्रकारातली सगळ्यात सोपी चूक. दोघींनी मिळून काहीतरी तिसरं सांगायला हवं. नंदी आता वरच्या पट्टीखिडकीशी आहे, तोंड शेताकडे. तिथे तो वाट पाहतोय असं वाटतं.

दुपारी गुरुजींशी मोठा वाद. गावात पहाटे “घेऊन जा गे मारबत” झालं होतं, टीव्हीवर नागपूरच्या मिरवणुकीतले पुतळे, पिवळी आणि काळी मारबत, बडगे, सगळं चाललेलं. गुरुजी म्हणाले, “हे काय कमी आहे? मुक्ताबाईंची मुंगी आकाशात उडून सूर्य गिळते. आपल्याकडे सातशे वर्षांपासून आहे, तू पॅरिसचं काय सांगतेस?”

मला हे वाक्य नेहमी अडतं. मुक्ताबाईंची मुंगी कूट आहे. तिला उकल आहे, आणि ती उकल साधनेची आहे. मारबतीला काम आहे : रोगराई, दुष्टपणा गावाबाहेर नेणं. ब्रेताँ यांच्या मंडळींना उकल नकोच होती. ब्रेताँ वैद्यकीचे विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, साँ-दिझिए इथल्या मनोरुग्णांच्या केंद्रात त्यांनी आघाडीवरून परतलेल्या सैनिकांचं बोलणं ऐकलं. पुढे फ्रॉइडची ओळख झाली. ज्या शहाणपणाने ते युद्ध चालवलं, त्या शहाणपणावरून त्यांचा विश्वास उडाला होता. स्वप्नाला त्यांनी साक्षीदार म्हणून बोलावलं. दोन्हींना एक म्हणणं म्हणजे दोन्हींचं ऐकून न घेणं.

गुरुजी गप्प झाले. जाताना म्हणाले, “मग शेजारी शेजारी लाव. एक आहे असं लिहू नको, वेगळं आहे असंही लिहू नको.” हे मात्र मला मान्य आहे.

२२ सप्टेंबर

घडीचा खेळ. १९२५ च्या सुमारास पॅरिसमध्ये हे लोक खेळत : एकाने शब्द लिहायचा, घडी घालून झाकायचा, पुढच्याने न बघता पुढचा लिहायचा. पहिल्यापैकी एका डावात ‘उत्तम प्रेत नवी दारू पिईल’ असं वाक्य निघालं आणि खेळाला ‘उत्तम प्रेत’ हेच नाव पडलं.

मराठीत करायला बसलो आणि अडलो. आपलं क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. ‘विहीर’ आली आणि पुढच्याने ‘चावतो’ लिहिलं की वाक्य मोडतं. नियम करून पाहिले, पोरं कंटाळली. शेवटी आठवीतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आमच्या भाषेत करू ना. आमच्यात तो बी जाते, ती बी जाते.”

खरंच की. वऱ्हाडीत क्रियापदाच्या शेवटचं ‘-ते’ सगळ्यांना चालतं. शाळेत ज्या बोलीबद्दल पोरांना टोकलं जातं, तिच्यातच हा खेळ सरळ बसला. विशेषणं तेवढी न बदलणारी घ्यायची ठरवलं : लाल, गार, जड, आंबट. मग तासाभरात साठ वाक्यं. त्यांतली काही :

आंबट टॅक्टर चंद्राले नांगरते.
जड फुगा मास्तरले पेरते.
गार विहीर मोबाइलले चावते.

भिंतीवर ही वऱ्हाडीतच जातील, प्रमाण मराठीत कोणी ‘सुधारणार’ नाही. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या उभ्या बाजूवर एक वाक्य.

२९ सप्टेंबर

सोयाबीनची सोंगणी लागली. मदतीला कोणी नाही, आणि असूही नये. कोबा पुरा झाला. एकटीने जिना धुतला.

६ ऑक्टोबर

आज मेरेट ओपेनहाइम यांचा जन्मदिवस. १९३६ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्यांनी दुकानातून कप, बशी आणि चमचा आणला आणि तिन्ही हरणाच्या केसाळ कातड्याने मढवले. बस, एवढंच. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे.

मागच्या आठवड्यात बायकांच्या बैठकीत मी हे नुसतं सांगितलं होतं, फोटो दाखवला नव्हता. आज शेजारच्या मावशी ओच्यात काहीतरी झाकून घेऊन आल्या. साठीच्या पुढच्या आहेत, अजून वेचणीला जातात.

साधी, पांढऱ्या चिनी मातीची कपबशी. तिच्यावर बाहेरून, दांड्यावर, कडेवर आणि कडेच्या आतही, बोंडांची वाळकी टरफलं चिकटवलेली. कापूस वेचून झाल्यावर झाडावर राहतात ती, चार-पाच पाकळ्यांची, प्रत्येक पाकळीच्या टोकाला नखासारखा काटा. सगळी टोकं बाहेर. चुलीच्या इंधनासाठी रचलेल्या गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांतून निवडून घेतलेली. रंग जुन्या रक्ताचा, तपकिरी-काळा. दांडा धरायला गेले आणि बोट मागे घेतलं.

“वेचाले गेलं का हाताले असंच लागते, पोरी,” मावशी म्हणाल्या. “शेठच्या घरी च्या प्याचे ना लोकं, त्या कापसाच्या पैशाचा. आता म्या केला माह्या कपात. पेऊन पाहा म्हनाव.”

त्यांच्या बोटांच्या टोकांवर, नखांच्या कडेला, तसेच बारीक ओरखडे आहेत. मी पंधरा वर्षं चित्रकला शिकवते. एवढं नेमकं काम मी केलेलं नाही.

ही कपबशी जेवणघरात, शेठजींच्या बारा माणसांच्या टेबलावर, एकटीच राहील. बाकी टेबल मोकळं.

१० ऑक्टोबर

माहितीचे फलक छापून आले आणि मन बसलं. सगळीकडे ‘अतिवास्तववाद’ऐवजी ‘अतिवास्तवाद’. एक ‘व’ गेला आणि शब्दच खोटा झाला. शिवाय ‘ब्रेताँ’वरचा चंद्रबिंदू उडालाय, ‘अर्न्स्ट’ची अक्षरं सुटी पडलीत. छापणाऱ्याने फोनवर सांगितलं, फॉन्टचा प्रॉब्लेम, कोण वाचते मॅडम. मी मजकूर तपासून पाठवला होता. पैसे परत मिळणार नाहीत असं दिसतं.

कोण वाचते, हे मात्र मनाला लागलं. गावातला माणूस वाचणार नाही हे गृहीत धरूनच आपल्याकडे काहीही छापलं जातं.

दारव्ह्याच्या एका पेंटरकडे गेले. दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतात, फ्लेक्स आल्यापासून काम कमी. मांजरपाटाच्या आठ पट्ट्यांवर हाताने लिहून देतो म्हणाले. प्रत्येक अवघड नाव त्यांनी आधी खडूने फरशीवर लिहून मला दाखवलं. ‘अर्न्स्ट’चं जोडाक्षर त्यांनी इतकं देखणं बसवलं की ते छापलेलं वाटतच नाही, घडवलेलं वाटतं.

१३ ऑक्टोबर

हॉल तयार.

१९३८ च्या जानेवारीत पॅरिसला अतिवास्तववाद्यांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन झालं, तेव्हा मार्सेल द्युशाँ यांनी छताला कोळशाची बाराशे पोती लटकवली होती. दालन अंधारं, जमिनीवर वाळका पाला, आणि मॅन रे यांच्या योजनेप्रमाणे प्रेक्षकांच्या हातात टॉर्च. हे वाचलं तेव्हापासून मला आमचा हॉल दिसत होता. आमच्याकडे कोळसा नाही, बारदाना आहे.

गावातून एकशे चाळीस पोती मागून आणली. स्लॅबला हात लावायचा नाही, म्हणून जमिनीवर उभ्या बल्ल्या, वर बांबूची चौकट, सुतळीने बांधलेली. पोत्यांच्या तोंडात बांबूच्या कामट्या घालून ती उघडी ठेवली, रिकामीच. आगीची भीती आहे, म्हणून आत दिवा, उदबत्ती काही नाही, दीपप्रज्वलन बाहेर पोर्चमध्ये. दोन बादल्या वाळू, एक अग्निशामक.

टॉर्च आम्हाला विकत घ्यायचे नाहीत. रात्रीच्या लाइनवर, म्हणजे रात्री मिळणाऱ्या विजेवर, पिकाला ओलित करणाऱ्या प्रत्येकाकडे बॅटरी असतेच. निमंत्रणात लिहिलं : येताना बॅटरी आणा.

एक गोष्ट लटकवल्यावर लक्षात आली. इथे पोतं उसनं देताना त्यावर नाव लिहितात, परत ओळखू यावं म्हणून. लाल, निळ्या रंगात, काडीने. सगळी नावं आता डोक्यावर खाली तोंड करून आहेत.

१५ ऑक्टोबर

दुपारी निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली. ग्रामपंचायतीचा माणूस कोनशिलांवर कागद चिकटवत फिरत होता. आमच्या फलकावर कोणत्याच पुढाऱ्याचं नाव नव्हतं, त्यामुळे आमचं काही अडलं नाही.

साडेसहाला सुरुवात. माणसं थेट शेतातून आली, काहींच्या डोक्याला बॅटऱ्या, अंगावर सोयाबीनचा भुसा. बायका आधी दारातच थांबल्या. मग मावशी आत शिरल्या आणि बाकीच्या मागोमाग.

मला वाटलं होतं लोक भिंतींवरची घासलेली चित्रं आधी पाहतील. सगळे झोत वर गेले. आपलं पोतं कुठं आहे हे शोधणं सुरू झालं. “तो पाय, माहा.” “अरे हे तं जावयाचं.” अंधारात एकेक नाव उजळायचं, विझायचं. कोणी कोणाचं नाव मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यातून हो यायची.

एक शेतकरी बराच वेळ एकाच जागी उभे होते. त्यांच्या बॅटरीचा झोत एका जुन्या, ठिगळ लावलेल्या पोत्यावर स्थिर होता. त्यावर दोन अक्षरं, निळी, अर्धी पुसलेली. मी जवळ गेले तेव्हा ते म्हणाले, “बाबाच्या हातचं हाये. बाबा जाऊन नऊ वर्सं झाले. पोतं चाललंच होतं घरी, मी कधी वर पाह्यलं नाई.”

मग त्यांनी बॅटरी बंद केली आणि तिथेच उभे राहिले.

गुरुजींच्या चौकटींपुढे पोरांची गर्दी. गोवळकोंड्याचं वर्णन वाचून एका मुलीने विचारलं, ती माणसं पडून रायली का वर जाऊन रायली? गुरुजी म्हणाले, तुला काय दिसतं? ती म्हणाली, थांबून हायेत, पाऊस यायचा हाये म्हणून. गुरुजींनी डायरी काढून लिहून घेतलं.

२० ऑक्टोबर

पाच दिवस झाले. कपबशीची तीन टरफलं गळली. मावशी म्हणाल्या, मीच लावते, तू चुकीच्या तोंडाने लावशील.

वायरमनने जिन्यातला बल्ब बदलला. हॉलच्या कोपऱ्यात चार बॅटऱ्या विसरलेल्या मिळाल्या, दोन परत गेल्या.

निळ्या अक्षरांचं पोतं त्या शेतकऱ्यांना लागणार होतं, सोयाबीन भरायला. मी ते काढून देऊ केलं. ते म्हणाले, राहू द्या महिनाभर, दुसरं आहे.

पट्टी क्रमांक दोन आज सकाळी तडकलेली दिसली. पाऊस गेला, माती आकसायला लागली. काच काढली नाही. तिच्याखाली पेन्सिलने आजची तारीख घातली आणि शेजारी नवी पट्टी बसवायला प्लॅस्टर भिजवलं.